खुलासा

मा. शासनाधिकारी यांस,
आपली नोटीस शनिवारी मिळाली.
तीन दिवसांत खुलासा द्यावा, असं आहे.
आज चौथा.
उशिराबद्दल माफी. बाकीच्याबद्दल सांगते.

इयत्ता सातवी, मराठी माध्यम, पट अठरा.
विश्वामित्री यंदा पायऱ्या चढून
थेट ग्रंथालयात आली होती,
हे आपल्याला ठाऊक आहे, पंचनाम्यावर आपलीच सही आहे.
दोन कपाटं, एकशे चाळीस पुस्तकं.
गच्चीवर वाळत घातली,
तर पानं पापडासारखी वाजायची
आणि उघडायची नाहीत.

वाचनाचा तास मात्र वेळापत्रकात तसाच राहिला.
मी म्हटलं, घरात जे असेल ते आणा.

घरात काय असणार?
गाद्या गेल्या, गहू गेला, दप्तरं गेली.
राहिलं ते सगळ्यात उंच फळीवरचं,
आणि सगळ्यात उंच फळीवर माणसं काय ठेवतात
ते आपण आपल्या घरीही एकदा पाहावं.

जे वाचलं, साहेब,
तेच मुलांनी वाचलं.

शमीम तडवी, मूळची यावलकडची,
हिचं हिरव्या छिटात बांधलेलं.
ओजस कारंजेकरची पणजोबांची पोथी,
जिची अक्षरं त्याच्या आईलाही लागत नाहीत.
आशिष साळवेचं काळ्या चेनच्या कव्हरातलं,
मागच्या कोऱ्या पानावर
घरातल्या जन्मांच्या आणि मरणांच्या तारखा.
प्रबोध तायडेनं वनखात्याचं पत्रक आणलं:
अंगणात मगर आल्यास काय करावे.
ते मात्र अख्ख्या वर्गानं दोनदा वाचलं,
हेही नोंदवावं.

मी कुणाला काही वाचायला लावलं नाही.
तायडेचे वडील दारातूनच म्हणाले,
माझ्या पोराच्या हातात कुणाची पोथी द्यायची नाही.
नाही देणार, म्हटलं.
त्यांना दिलेलं ते ‘नाही’
आणि शमीमला दिलेलं ‘हो’
माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात.

आपण आलात तेव्हा शमीम ओठांतल्या ओठांत वाचत होती,
बोट उजवीकडून डावीकडे.
ओजसनं विचारलं, तू शेवटून सुरू करतेस?
ती म्हणाली, नाही, तू करतोस.
या वर्गात आजवर झालेला
धार्मिक वाद तो एवढाच.

आपण हात पुढे केलात. म्हणालात, आण इकडे.
ती उभी राहिली.
सर, आधी हात धुवावे लागतात.

आपण आपल्या हातांकडे पाहिलंत.
क्षणभर आपण दहा वर्षांचे दिसलात,
कुणीतरी देवघराच्या उंबऱ्याशी अडवलेले.
मग खरंच नळापर्यंत गेलात.
नळाला पाणी नव्हतं.
त्याविषयीचा माझा अर्ज
जूनपासून आपल्या कचेरीत आहे.

आपण तसेच गाडीत बसलात. पुस्तक तिच्याकडेच राहिलं.

नोटिशीत विचारलंय, परवानगी कोणाची?
मला कायद्याचं कलम सांगता येणार नाही.
मधल्या सुट्टीत मी कुणाला भरवत नाही,
आणि कुणाचा डबा उघडून
आत काय, कोणी रांधलं, विचारत नाही.
एवढाच माझा नियम, तोच या तासाला लावला.
चुकलं असेल तर
परिपाठाला रोज जे सगळ्यांकडून हात जोडून म्हणवून घेतो
त्याचाही खुलासा कधीतरी मागवावा.
मी तयार आहे. थोडी घाबरलेही आहे.

नवी पुस्तकं आली तर मुलांना हवीच आहेत,
भुताखेतांची जास्त.
कपाट पाठवल्यास
भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर ठोकून घेऊ.

आपण गेल्यावर शमीमची ओळ हरवली होती.
बराच वेळ शोधली,
मग तिनं ते पान
पुन्हा पहिल्यापासून धरलं,
तिच्या पहिल्यापासून.

आपली विश्वासू,
कुमुद दिघे, सहशिक्षिका, वडोदरा.

सोबत: मगरीचं पत्रक, एक प्रत.
मूळ प्रत मुलं देत नाहीत.