सेकंडचा माल

ऑर्डर कुठल्याशा गार देशातली.
बारा हजार टॉवेल, तिथल्या किनाऱ्यावरच्या दुकानांसाठी.
सोबत एक फोटो: समुद्रात लांब घुसलेला जुना धक्का,
लोखंडी पाय, टोकाला घुमट, घुमटावर झेंडे.
दलाल म्हणाला, "ह्येच त्यांचं गाव, अंबादास.
गावात दुसरं काय नसलं तरी चालतंय, ह्ये पायजे."

माझ्या नायनानं समुद्र पाहिला नव्हता.
ग्राफच्या कागदावर चौकटी भरत
त्यानं खांब उतरवले, घुमट उतरवला,
पाण्यापाशी येऊन अडला.

रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून
कंबर तलावावर घेऊन गेला.
दुपारभर नुसता बघत बसला.
मी शेंगा फोडत होते,
तो मांडीवर बोटं मोडत होता:
दोन निळे, एक पांढरा, तीन निळे, एक सोड.
येताना म्हणाला,
"हलतंय खरं, पण फिरून फिरून तेच हलतंय. जमंल."

मग दीड महिना साखर पेठेत
तो धक्का रात्रपाळीतही पुढं सरकत राहिला
खटक् खटक्
एकेक खांब.
आई कांड्या भरायची,
झेंड्यांचा लाल तिच्या नखांत.

एका टॉवेलात धोटा चुकला,
चौथ्या खांबाला पायच नाही.
तो सेकंडचा माल घरात राहिला.
जेवून उठलेल्या पाहुण्याला
हात पुसायला आम्ही
एक अख्खं शहर द्यायचो.

एकदा विचारलं, "आपल्या गावाचं काय काढशील?"
"मिलची चिमणी," तो पटकन म्हणाला.
मग बराच वेळ गप्प.
"पण चिमणी काढली की धूर काढावा लागतोय.
धूर आता कुठनं आणू?"

परवा भाच्यानं मोबाईलवर दाखवलं:
वादळात धक्का कोसळला.
पाण्यात नुसते पाय उभे,
मधे मोठी फट.
नायनानं दोनदा बघितलं,
चष्मा काढला, पुन्हा लावला.
माग भंगारात जाऊन आठ वर्षं झाली.
तरी स्टूल घेऊन माळ्यावर चढला,
सुतळीत ओवलेले पत्ते खाली काढले,
धूळ झटकत भोकं उजेडाला लावून बघितली,
ओठ हलवत तेलुगूत मोजत राहिला
चहा गार होईपर्यंत.

आठशे बारा. एकही कमी नाही.

कुणाला कळवायचं
ते आम्हाला माहीत नव्हतं.