आधीच आहे

नारीनच्या वरच्या अंगाला, हिमनदीच्या पायथ्याशी
आमच्या केंद्रात दोनच खोल्या.
एकीत चूल, दुसरीत संगणक,
आणि दोहोंच्या मध्ये दोरीवर ओले मोजे.

तेमिरबेक बर्फात रोवलेल्या काठ्या मोजून यायचा,
बूट न काढता दारातूनच ओरडायचा:
सातवी, एकशे बारा. आठवी वाकलीय, धरू नकोस.
मी ते पायथनला सांगायचे.

जुनी स्क्रिप्ट रुस्कुलची होती, गुंतागुंतीची.
एका मंगळवारी मी ती सुटसुटीत करायला बसले.
ओपन, फाइलचं नाव, स्वल्पविराम,
आणि अवतरणात एकच अक्षर: डब्ल्यू.
लिहायचंय म्हणून डब्ल्यू. इतकंच कळत होतं मला.

डब्ल्यू भांडत नाही, विचारत नाही.
दार उघडता उघडताच घर धुऊन काढतो,
मग अदबीनं बाजूला होतो: लिहा.
मी पहिला आकडा टंकायच्या आधीच
नऊ उन्हाळे वितळून गेले होते,
आणि या खेपेला सूर्याचा काही दोष नव्हता.

तेमिरबेक काही बोलला नाही.
पिठाच्या पोत्यामागून त्यानं वही काढली,
पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई गोठते.
चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ,
खालचा आकडा वाचता येईल अशी.
तीन रात्री तो वाचत राहिला, मी टंकत राहिले.
एक अख्खा ऑगस्ट उंदरांनी खाल्ला होता.
तो तसाच रिकामा ठेवला.

मग काही दिवस ए वापरला.
ए सज्जन, शेवटच्या ओळीखाली मुकाट्यानं बसणारा.
पण स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली
की सातवी काठी एका दिवसात दोनदा उघडी पडायची,
आणि त्यालाही ए मान डोलवायचा.

आता एक्स. रोज नवी फाइल, नावात तारीख.
काल झोपेत मी तीच आज्ञा पुन्हा दिली
आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली.
तेमिरबेकनं चहा खाली ठेवला: का ओरडतंय ते?
ओरडत नाही, म्हटलं. सांगतंय,
इथं आधीच कुणी आहे.

त्यानं ते जरा वेळ चघळलं.
म्हणाला, आमच्या युर्तमध्ये शिरण्याआधी
बाहेरूनच खोकतात. तसं होय.

आज सकाळी
संगणकाच्या खोलीत येताना
तो दारापाशी थांबून खोकला.