सोमवारचा सात नंबर

केसवानीसाहेबांचा सेट जपानी.
जावयाचा मॉलमधला, दुकानाच्याच नावाचा,
अख्खा सेट म्हणे साहेबांच्या एका ड्रायव्हरच्या किमतीत.
ड्रायव्हर म्हणजे काठी.
गाडीवाल्याचा पगार वेगळा.

दोन्ही पिशव्या माझ्याच खांद्यावर.
चेंबूरच्या उन्हात वजन सारखंच.

चौथ्या होलला साहेब थांबले,
"अंकुश, तू सांग. फरक पडतो?"

पडतो की.
स्वस्तातली ग्रिप मे महिन्यात हाताला चिकटते,
आवाज रिकाम्या डब्यासारखा,
गणपतीपर्यंत रंगही टिकत नाही.
पण चेंडू?
सासऱ्याचा, जावयाचा,
दोन्ही त्याच तळ्यात,
हातभर अंतरावर.

हे बोललो नाही.
म्हटलं, "वारा होता, साहेब."

सोमवारी मेंबरांना सुट्टी,
मग आम्ही खेळतो.
माझा सात नंबर तिघांच्या भंगारातून जुळवलेला:
दांडा एकाचा, डोकं दुसऱ्याचं,
मुठीला सायकलची ट्यूब.
नाव होतं कधीतरी, घासून गेलं.

काल त्यानं चेंडू गुलमोहरावरून काढला
आणि झेंड्यापाशी अलगद ठेवला.
नव्या पोरानं विचारलं, "कुठल्या कंपनीचा?"
"घाटल्याचा," म्हटलं ऐटीत,
आणि पुढचा घातला थेट तळ्यात.

वारा नव्हता.