शेरा

बालिंग्याच्या पंपहाऊसमध्ये रजिस्टरला चार रकाने:
वेळ, पंप क्रमांक, नदीची पातळी, शेरा.
भूपालतात्या उपाध्ये यांनी एकोणतीस वर्षं
पहिले तीन रकाने खात्यासाठी भरले.
चौथा त्यांचा.

'सकाळी ६.१०. पंप दोन चालू. पातळी अकरा.
परीट आला. एकटाच.
जाळीवर साहेबासारखा फेऱ्या मारतोय.'
आश्विनातली नोंद. साल ओलीनं पुसलेलं.

मी त्यांच्या जागेवर आलो तेव्हा
चिमणी, कावळा, बगळा एवढंच माहीत,
आणि बगळा म्हणजे कुठलाही पांढरा.
मग मार्गशीर्षात मगदुमांच्या फडात तोड संपली,
पाचट पेटलं,
आणि धुराच्या कडेला, आच लागेल इतक्या जवळ
गायबगळे येऊन उभे राहिले
वाढप्याची वाट बघत.
कोतवाल ज्वाळेवर झेपावून वळला,
आगीतून सुटलेला टोळ त्याच्या चोचीत.
त्या रात्री मी पहिल्यांदा चौथ्या रकान्यात लिहिलं.
अक्षर तात्यांसारखं यावं असं वाटत होतं.
आलं नाही.

फाल्गुनात पात्र खाली जातं,
राधानगरीतून पाणी सुटेपर्यंत खडक उघडे.
जुन्या रजिस्टरात, पान चाळीस:
'बेटावर नदीसुरयाची दोन अंडी. वाळूच्याच रंगाची,
सदबाच्या पोरानं दाखवली म्हणून दिसली.
पाणी चार दिवस उशिरा सोडा
असं धरणावर कोण सांगणार?'
दुसऱ्या दिवशी: 'पातळी अडीच फूट वाढली.'
त्यापुढे सहा दिवस
नुसत्या वेळा.

उन्हाळ्यात एक अभियंता तपासणीला येऊन गेले,
लाल शाईत: 'शेऱ्यात फक्त बिघाड नोंदवावा.'
त्याखाली तात्या, निळ्या शाईत, सुवाच्य:
'बिघाड: भिंगऱ्या पुलाखाली अजून आल्या नाहीत.'

आणि पुराचं ते पान.
मच्छिंद्री झाली, मोटारी वर उचलल्या,
शहराला प्यायला पाणी नाही
आणि जिकडं बघावं तिकडं पाणीच.
पंप एक बंद, पंप दोन बंद, पंप तीन बंद.
'बाभळीवर सुगरणीची नऊ घरटी.
खालच्याच्या नळीला पाणी टेकलं.'
'दुपारी: नर अजून विणतोय. येडा.'
'रात्री: दिसत नाही.'
'सकाळी: चार बोटं उतरलं. आठ घरटी.'

आता तात्या पाडळीत असतात, थोरल्याकडे.
मोटारींनी कान नेले.
सुनंदावहिनी चहा ठेवतात आणि हातानं सांगतात, लिहून द्या.
मी वीजबिलाच्या पाठीवर लिहितो: पावशा ओरडतोय, तीन दिवस झाले.
ते वाचतात. ओठ हलतात,
पेर्ते व्हा, पेर्ते व्हा,
आवाज नाही.

मग एकदम मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात,
गल्ली ऐकेल असं:
"टिटवी?"

लिहितो: परवा रात्री दोनला. वीज गेली होती.

बिल डोळ्यांशी नेतात.
हसतात, आधी खांदे, मग तोंड.
"मला बी तवाच ऐकू यायची," म्हणतात,
"वीज गेली की.
लोकं पाण्यासाठी शिव्या घालायची,
आन् मी दारात बसून ऐकायचो."

चहा गार होतो.
बाहेर तारेवर वेडा राघू माशी आपटतोय.
ते त्याच्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे.
बिल घडी घालून ते आपल्या खिशात ठेवतात, भरायचं राहिलेलं.

निघताना दारातून ओरडतात:
"पातळी लिवायला इसरू नगो!"

आज ६.२५. पंप एक बंद, जाळीत गाळ.
पातळी साडेदहा.
परीट. दोन.