शेवटची दोन शून्यं

अक्तोबे. रात्रपाळी.
या खोलीला खिडकी नाही.
बाहेर उणे एकतीस आहे हे मला
दाराशी छोटंसं तळं करून निथळणाऱ्या
झौरे आपायच्या बुटांवरून कळतं.

"ठिपक्याकडे बघू नकोस, आयसाना.
ठिपका सगळ्यांचा सारखाच.
त्याला बांधलेल्या तीन ओळी वाच."

पहिली ओळ नावाची: तुर्ना २१८.
दुसरीत ३५०, म्हणजे पस्तीस हजार फूट.
शेवटची दोन शून्यं इथे कुणी लिहीत नाही,
घरातल्या घरात आडनाव कोण लावतं?
शेजारी बाण, चढता किंवा उतरता.
बाण नसेल तर विमान आपल्या पातळीवर, निवांत.
तिसरीत ४७, चारशे सत्तर नॉट,
आणि जायचं आहे त्या गावाची चार अक्षरं.

"मी शिकले तेव्हा आभाळ मीटरमध्ये होतं," आपाय सांगते.
"एका रात्रीत ते फुटांत गेलं.
तीन महिने माझ्या स्वप्नात विमानं
चुकीच्या मजल्यावर थांबायची, लिफ्टसारखी."

दोन लेबलं एकमेकांच्या अंगावर चढतात.
वर त्यांच्यात हजार फूट आहेत, रीतसर,
पण इथे आकड्यात आकडा अडकून
३५०चं ३६० वाचलं जाऊ शकतं.
मी माउसने एक बाजूला ओढते.
बारीक रेघ ताणली जाते,
दाव्याला हिसका दिलेल्या वासरासारखी,
पण ठिपका सोडत नाही.

तीन चाळीसला तुर्ना बोलेनासं झालं.
एक हाक. दुसरी.
तिसऱ्या हाकेला माझाच आवाज
हेडफोनमध्ये कोरडा पडलेला.
मग लेबल पिवळं झालं: ७६००.
रेडिओ गेला, असं सांगणारे चार अंक,
तोंडात घास असताना
हातानेच 'थांब' म्हणावं तसे.

आपायने माइक घेतला नाही.
नुसती खुर्ची जवळ ओढली.
"बोलता येत नसेल त्याला. ऐकू येतंय का, विचार."

"तुर्ना दोन एक आठ,
माझं ऐकू येत असेल तर आयडेंट दाबा."

अँटेना एक फेरी मारते दहा सेकंदांत.
ते दहा मी मोजले नाहीत,
मोजले गेले.

लेबल लुकलुकलं.

"उजवीकडे वळा, दिशा एक चार शून्य.
समजलं असेल तर आयडेंट."
लुकलुक.
मागे सोडलेले पाच ठिपके सरळ रेषेत होते,
सहावा जरासा कलता पडला,
सातवा आणखी.

मला विचारायचं होतं, किती जण आहात,
इंधन किती, घाबरलात का.
आपायने मान हलवली.
"हो-नाहीचंच विचार.
त्याच्याकडे एकच शब्द आहे.
गप्प राहणं हा दुसरा."

"इंधन पुरेसं आहे?"

दहा सेकंद.
आणखी दहा.
आपायचा दूध घातलेला चहा कपात निवला, साय धरली.

लुकलुक.

शिमकेंटला फोन केला, सगळं सांगितलं.
पलीकडचा माणूस जांभई आवरत म्हणाला, दिसतोय मला.
सीमेशी लेबल आखडलं,
आधी नाव गेलं, मग गाव,
थोडा वेळ नुसतं ३५०,
मग तेही नाही.
नोंदवहीत मी लिहिलं:
०४:२२. विचारलं सात वेळा. उत्तरं सात.
एक उशिरा.

सकाळी बाहेर आले तर रात्रीतून बर्फ पडून गेलेला.
बस स्टॉपकडे कुणीतरी माझ्याआधी चालत गेलं होतं.
पावलांचे ठिपके, दोघांत सारखं अंतर,
म्हणजे वेग ठरलेला, घाई नाही.
खांबापाशी ठिपके जवळजवळ आले,
एका जागी बर्फ तुडवला गेला होता,
मग ते डावीकडे वळले,
रस्ता नसलेल्या बाजूला.

मी बस सोडली
आणि थोडी पुढे जाऊन पाहिलं.