दुसरी वही

संस्थेच्या फॉर्मवर आम्ही असे होतो:
माणसं तीन, शाकाहारी, कमोड आहे, कुत्रा नाही.
भाषेच्या रकान्यात श्रीरंगनं 'हिंदी' लिहिलं,
रकाना लहान होता म्हणून.

इल्झे आली डिसेंबरातल्या एका रात्री,
धुक्यामुळे पाच तास उशिरा पोचलेल्या गाडीनं.
लॅटव्हियात बसून तीन महिने घोकलेलं वाक्य
तिनं दारातच, जोडे न काढता, पुरं केलं:
"आपके घर आकर मुझे बहुत ख़ुशी हुई।"
तेवढ्यात आतून शाल्मली ओरडली,
"आई, गीझर बंद करू का गं?"

ती थबकली,
जिना संपावा आणि पाय अजून एक पायरी शोधत असावा तशी.
ये कौन सी हिंदी है?
म्हटलं, ही हिंदी नाही, ही घरातली.
बॅग उघडून तिनं आधी टूथब्रश नाही काढला,
दुसरी वही काढली.

पहिले आठ दिवस ती पाहुणी, आणि आम्हीही.
श्रीरंग घरात फुलपँट घालून बसे.
मी पोळ्या लाटताना बांगड्या मागे सारत नव्हते.
शाल्मलीनं आपल्या कपाटातला एक खण तिला दिला
आणि उरलेल्या तीन खणांना कुलूप लावलं.

बर्फातली पोर, पण आमच्या घरात दात वाजायचे तिचे.
आमच्याकडे थंडी दाराबाहेर थांबते, म्हणाली,
तुमच्याकडे ती आत राहते. जेवायलाही बसते.
तेव्हा मी पाहुण्यांची सॅटिनची रजई परत ट्रंकेत टाकली
आणि आमच्यातलीच एक दिली,
जड, कोपऱ्यात चहाचा डाग असलेली.
त्या रात्री ती झोपली.

दिवसा ठाटीपूरला, अंध मुलांच्या शाळेत.
संध्याकाळी परते तेव्हा नखांत फेविकॉल, स्वेटरभर लोकर.
बोटांनी वाचायची पुस्तकं करत होती.
एका मुलानं पॉलिश पेपरवर हात फिरवून विचारलं म्हणे,
हा वाघ, की वाघाची जीभ?
हे सांगताना तिला 'जीभ' आठवेना.
तिनं स्वतःचीच काढून दाखवली,
आणि शाल्मली पहिल्यांदा हसली.

वही भरत गेली.
ताट घे. जरा सरक. मीठ बघ. राहू दे.
'अगं'चा अर्थ काय, तिनं विचारलं.
कढईत मोहरी तडतडत होती.
मी बराच वेळ घेतला.
म्हटलं, अगं म्हणजे तू.
तू तर आहेच, ती म्हणाली, मग दोन कशाला?

संक्रांतीला पुण्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल.
मी म्हणते म्हणून इल्झेला ते नावच वाटलेलं:
"वन्सं, लाइट चालली गेली होती,
म्हणून आम्ही तुमचा फोन नाही उठवला."

पलीकडे आधी शांतता. मग ते हसू.
"अगं बाई, ही पण ग्वाल्हेरी!"

बावीस वर्षं ओळखते मी ते हसू.
पुण्यातल्या मांडवांत त्याच्याच भीतीनं
प्रत्येक वाक्य तोंडातल्या तोंडात
दोनदा तपासून मग बाहेर सोडलंय.
'लाइट गेली.' एवढंच म्हणायचं असतं.
'चालली' आमची, इथल्या रस्त्यावरून
कधीतरी घरात आलेली, मग राहिलेली.

फोन ठेवल्यावर इल्झे पेन उघडून उभी.
काय चुकलं?

दूध वर येत होतं. गॅस बारीक केला.
म्हटलं, काही नाही चुकलं.
असंच म्हणतात.
तिनं वहीत पुढे बरोबरची खूण केली.

आठवड्यानं खरंच चालली गेली,
रात्री साडेनऊला, सबंध गल्लीची.
काळोखात, पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज:
"अगं, मेणबत्ती कुठे ठेवलीस?"

मला विचारलं की शाल्मलीला, कळलं नाही.
दोघीही उठलो,
आणि दारात एकमेकींना धडकलो.