फावड्यावरचं वांगं

मे महिन्यातला रविवार, भुसावळ, सकाळचे साडेनऊ,
आणि पत्र्याला आत्ताच हात लावता येत नव्हता.
जुन्या शेडमध्ये वाफेचं इंजिन पेटणार होतं.
फलकावर मोठ्या अक्षरांत : सोबत बँडवादन,
खाली बारीक अक्षरांत : पाण्याची सोय आहे.

ओंकारमामा पहाटेपासून तयार.
टोपी, धुवट पायजमा, गळ्यात ओला पंचा
आणि पिशवीत बामणोदचं एक वांगं.
हे कशाला, मी विचारलं.
"ऱ्हाऊ दे वं पोरी. कामी येतं."

इंजिन उभं होतं वरातीच्या घोड्यासारखं,
वरून सजवलेलं, खालून घाम गाळत, जरा चिडलेलं.
चाकं मामाच्या छातीला लागणारी.
एका बाईने चाकाला हळदकुंकू लावलं.
एक जण फोटोसाठी दांड्याला टेकला
आणि पाठीवर तेलाचा नकाशा घेऊन घरी गेला.

मग चिमणीतून काळाकुट्ट धूर उसळला.
केवढ्या टाळ्या!
पोरं तर नाचायलाच लागली.
मामाने तोंड फिरवलं.
"काळा धूर म्हंजे फायरमन कच्चा.
कोळसा नुसता ढकलला, जाळला नाही.
धूर कसा पाहिजे? कबुतराच्या पाठीसारखा."

निंबाखाली एरंडोलचा बँड.
लाल कोट, सोनेरी झालर, त्रेचाळीस अंश.
ट्रंपेटचं तोंड ओल्या फडक्यात गुंडाळलेलं,
नाहीतर ओठ भाजतात.
ड्रमवाला पोरगा गोळा खात होता,
त्याची जीभ कोटापेक्षा लाल.

रज्जाक पिंजारींनी क्लॅरिनेट उचललं,
पहिली ओळ जेमतेम उलगडली
आणि इंजिनाने शिटी मारली,
दोन पट्ट्यांच्या बरोबर मधल्या फटीत.
बँड थांबला.
मास्तरांनी इंजिनाकडे असं पाहिलं
जसं मांडवात रुसलेल्या व्याह्याकडे पाहतात.
"तो काही खाली उतरणार नाही," ते म्हणाले,
"आपणच चढू थोडं."
आणि ते चढले. सगळेच. घामाने निथळत,
गालांचे फुगे करून.
पुढच्या शिटीला ड्रायव्हर थांबला, ओळ संपू दिली,
मग दोरी ओढली.
माझ्या हातावर त्या उन्हात काटा आला.

तोवर मामा वर चढला होता. कसा, मला माहीत नाही.
एरवी ओटा चढायला माझा खांदा लागतो.
आत डिझेल शेडचा एक पोरगा, हर्षल नाव,
कोळसा आयुष्यात तीन दिवसांपूर्वी पाहिलेला.
मामा बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं,
नुसते हात दिसत होते :
पातळ पसर. कोपऱ्यात. आता दार लाव.
अरे लाव ना.

हळूहळू धूर विरला.
राखाडी, मग त्याहून फिका,
निंबाच्या शेंड्यावर आला तेव्हा होता की नव्हता.
कुणी टाळी वाजवली नाही.
एक पोरगं म्हणालं, विझलं वाटतं.
मामा खिडकीतून माझ्याकडे बघून हसला,
सगळे सहा दात दाखवत.

मग वांगं.
फावडं भट्टीत, फावड्यावर वांगं, तेल लावून,
मधे एकदा उलटायचं.
माझ्या डब्यात कळण्याच्या भाकरी होत्या,
बँडवाल्यांकडे मिरच्या, कांद्याची पात.
रज्जाकमास्तर, हर्षल, ड्रमवाला,
एका वांग्याला अकरा जण,
प्रत्येकाला बोटभर भरीत आणि दातांत कोळशाची कचकच.
"उन्हाळ्याचं वांगं," मामा म्हणाला, "बियाच जास्त.
हिवाळ्यात पेटवायला पाहिजे होतं."

रात्री पंचा भिजवला.
पहिलं पाणी काळं. दुसरं काळं.
तिसरं बादलीत ओतत होते,
तर अंगणातल्या खाटेवरून आवाज आला,
"ऱ्हाऊ दे वं.
काय घाई आहे धुवायची."